माजी सैनिकाच्या अंत्यविधीत मनाला उभारी देणारं संगीत कसं निवडायचं
घरातले माजी सैनिक गेले की संगीत काय लावायचं हे अगदी शेवटच्या घाईत ठरतं आणि मग मोबाईलवर सापडेल ते देशभक्तीपर गाणं लागतं, तसं नका करू प्लीज. आधी त्यांच्या युनिटमधल्या एखाद्या जुन्या साथीदाराला फोन करून रेजिमेंटची मार्चिंग ट्यून कोणती ते विचारा. ती सुरू झाली की रडणाऱ्यांचे खांदे पण ताठ होतात, म्हणून ती शेवटी, लोक निघताना ठेवा. बिगुल असेल तर क्रम सांभाळा, कॉमनवेल्थ देशांच्या पद्धतीत आधी लास्ट पोस्ट, म्हणजे बिगुलवरची निरोपाची धून, मग मौन आणि मग राऊज किंवा रेव्हेली, ही सैनिकांना सकाळी उठवायची धून, ती ऐकून मन खरंच वर येतं, वेळ नाही म्हणून गाळू नका. मधल्या वेळात त्यांच्या आवडीचं लावा, फौजेशी संबंध नसला तरी चालेल, माणूस फक्त वर्दीतलाच नव्हता ना. शब्द मात्र पूर्ण ऐका, चाल जोशपूर्ण आणि कडव्यात भलतंच असं पुष्कळदा असतं. आणि गाणी डाऊनलोड करूनच ठेवा, मध्येच जाहिरात वाजली की फार वाईट वाटतं.