कॅलिफोर्नियात डिझाइनचे पैसे अडकले तर लीन कसा लावायचा

ड्रॉइंग दिली, प्लॅन चेकचे (सिटी ड्रॉइंग तपासते त्याचे) कमेंट दोनदा क्लिअर करून दिले, सिटीकडून परमिट निघालं आणि त्यानंतर ओनरचा फोन लागेनासा झाला. बे एरियात आपल्यातल्या ज्यांनी नोकरी सोडून स्वतःची छोटी फर्म काढलीय त्यांना हे नवीन नाही, आणि आपण करतो काय तर "जाऊ दे, ओळखीचा आहे, देईल" म्हणत चार महिने घालवतो. लीनमध्ये, म्हणजे थकलेल्या पैशांसाठी मालमत्तेवर हक्क ठेवण्यात, नेमके हेच चार महिने महाग पडतात.

आपल्याकडे टेलर शिलाई मिळेपर्यंत कपडा अडवून ठेवू शकतो, १८७२ च्या करार कायद्यातच ते आहे, पण बंगल्याचं डिझाइन करणाऱ्याला असा बंगला अडवता येत नाही. कॅलिफोर्नियात येतो. अडवायचा म्हणजे कुलूप नाही लावायचं, काउंटी रेकॉर्डरकडे (जमिनीचे दस्त नोंदवणारं सरकारी ऑफिस) त्या जागेवर आपला बोजा चढवायचा, मग विकताना किंवा रिफायनान्स करताना टायटल कंपनीला (मालकी निर्वेध आहे का ते तपासणारी) तो दिसतो आणि तिथे सगळं अडतं. (मी इंजिनिअर आहे, वकील नाही, कोर्टापर्यंत जायची वेळ आली तर वकील घ्या. आणि हे फक्त कॅलिफोर्नियाचं आहे, टेक्सासवाल्या मित्राचं ऐकून तारखा मोजू नका, तिकडचे नियम वेगळे.)

सुरुवात काँट्रॅक्टपासून, कारण तिथेच निम्मे लोक अडकतात. लेखी हवं, आणि सही जमिनीच्या मालकाची हवी. माझ्या एका कामात सगळी बोलणी जावयाशी, ईमेल जावयाचे, सही पण जावयाची, आणि डीड काढून बघितलं तर जमीन भलत्याच एका एलएलसीच्या, म्हणजे कंपनीच्या, नावावर! तेव्हापासून प्रपोजल पाठवायच्या आधी मी ग्रँट डीड (जमिनीचं मालकीचं खत) काढतो आणि त्यावर जे नाव असेल तेच जसंच्या तसं काँट्रॅक्टवर टाकतो. डीडमधलं लीगल डिस्क्रिप्शन, म्हणजे लॉट नंबर, ट्रॅक्ट, मॅप बुकचं पान, तेही तेव्हाच कॉपी करून ठेवा, पुढे लागतं.

आता मुद्दा. लीन दोन प्रकारचे आहेत आणि आपल्याला कुठला मिळणार हे एकाच प्रश्नावर ठरतं: साइटवर काम सुरू झालं की नाही.

काम सुरूच झालं नाही तर डिझाइन प्रोफेशनल लीन. लायसन्सवाले आर्किटेक्ट, लँडस्केप आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि लँड सर्व्हेअर यांच्यासाठीच हा आहे, आणि त्यासाठी परमिट किंवा तत्सम सरकारी मंजुरी निघालेली पाहिजे. मालक स्वतः राहतो असं एका कुटुंबाचं घर असेल आणि बांधकामाचा अंदाजित खर्च १ लाख डॉलरच्या आत असेल तर हा लीन मिळत नाही, म्हणजे छोटी किचन रिमॉडेल विसरा. रेकॉर्ड करायच्या किमान १० दिवस आधी मालकाला लेखी मागणी पाठवायची, किती थकलंय आणि कशाचं ते स्पष्ट लिहून, सर्टिफाइड किंवा रजिस्टर्ड मेलने. व्हॉट्सअॅपवर पाठवून निळी टिक आली म्हणून खूश होऊ नका, पोस्टाचं हिरवं कार्ड परत येतं ना ते फाइलला लावा. मग लीनच्या कागदावर रक्कम, मालकाचं नाव, लीगल डिस्क्रिप्शन आणि परमिटची माहिती टाकून तो ज्या काउंटीत जागा आहे तिथे रेकॉर्ड करायचा. मालक आता बांधकाम करणार नाही हे आपल्याला कळल्यापासून, किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून, ९० दिवस असतात. रेकॉर्ड झाल्यावर पुन्हा ९० दिवसांत कोर्टात दावा नाही टाकला तर लीन आपोआप गेला.

गंमत म्हणजे साइटवर काम सुरू झालं तरी हा लीन मरतो. पण तेव्हा घाबरायचं नाही, ३० दिवसांत त्याच थकबाकीसाठी मेकॅनिक्स लीन, म्हणजे काम सुरू झाल्यावरचा दुसरा प्रकार, रेकॉर्ड करता येतो.

माझं असंच झालं, फक्त त्याहून एक पाऊल आधी. १४ हजार २०० डॉलर थकलेले, मागणीचं पत्र पाठवून आठवा दिवस, आणि साइटवरून जाताना बघतो तर कंपाउंडच्या आत पिवळा एक्सकॅव्हेटर, फुटिंगची (पायाची) चर खणायला सुरुवात. डिझाइनवाला लीन संपला. गाडी कडेला लावून फोटो काढला, आणि सिटीच्या पोर्टलवर परमिट उघडून पहिल्या इन्स्पेक्शनची तारीख पण सेव्ह केली, कारण आता घड्याळ तिथून चालू होतं. बाकी सगळ्यांना प्रिलिमिनरी नोटीस, म्हणजे मेकॅनिक्स लीनचा हक्क राखायला आधी द्यायची सूचना, आपलं काम सुरू केल्यापासून २० दिवसांत द्यावी लागते, पण डिझाइनवाल्यांना कायद्याने सूट दिलीय: बांधकाम सुरू झाल्यापासून २० दिवसांत दिली तरी आधीच्या सगळ्या डिझाइनच्या कामाला ती लागू पडते. मालकाशी थेट काँट्रॅक्ट असेल तर ही नोटीस बांधकामाला कर्ज देणाऱ्या बँकेला जाते. आणि तुम्हाला आर्किटेक्टने नेमलं असेल तर मालक, मुख्य कॉन्ट्रॅक्टर आणि बँक तिघांनाही. हे भांडणाचं पत्र नाही हो, इकडे सगळे सप्लायर पहिल्याच आठवड्यात पाठवतात, आपणच लाजतो. माझी नोटीस बँकेला पोचली आणि तीन दिवसांत, जो फोन लागत नव्हता तो स्वतःहून वाजला.

नाहीच वाजला तर पुढचं असं. आपलं काम थांबल्यावर मेकॅनिक्स लीन रेकॉर्ड करायचा, मुदत बांधकाम पूर्ण झाल्यापासून ९० दिवस, पण मालकाने नोटीस ऑफ कंप्लिशन (काम पूर्ण झाल्याची नोटीस) रेकॉर्ड केली तर ती आखडते, मुख्य कॉन्ट्रॅक्टरला ६० दिवस आणि बाकीच्यांना ३०, आपण ३० च धरायचे. लीनची कॉपी कायद्याने ठरवून दिलेल्या मजकुरासकट मालकाला पाठवायची आणि पाठवल्याचा पुरावा लीनलाच जोडायचा, हे राहिलं तर लीन टिकत नाही. रेकॉर्ड केल्यापासून ९० दिवसांत दावा, आणि दावा टाकल्यापासून २० दिवसांत लिस पेंडन्स, म्हणजे जागेवर दावा चालू असल्याची नोंद, रेकॉर्ड. रागाच्या भरात आकडा फुगवू नका, मुद्दाम खोटी रक्कम टाकली हे सिद्ध झालं तर सगळा लीनच जातो. शाळा, रस्ता, सरकारी बिल्डिंग असेल तर लीन नाहीच, तिथले मार्ग वेगळे.

माझा चेक आला तेव्हा सोबत एक फॉर्म होता, "सही करून लगेच पाठवा". नीट वाचलं तर फायनल पेमेंटचा अनकंडिशनल वेव्हर, म्हणजे लीनचा हक्क बिनशर्त सोडल्याचा कागद. पैसे खात्यात आलेले नसताना यावर सही केली की लीनचा हक्क तिथेच सोडला. कायद्यातच चार छापील नमुने आहेत, त्यातला कंडिशनल वेव्हर मी सही करून पाठवला, चेक क्लिअर झाला की लागू होणारा. गुरुवारी पैसे जमा झाले, शुक्रवारी अनकंडिशनलवर सही केली.