उमेशू: निवड, पिण्याच्या रीती आणि घरची बरणी

जपानी फळमद्यांशी ओळख करून घ्यायची असेल, तर सुरुवात उमेशूपासून करावी. उमे हे जर्दाळूच्या जवळचे फळ असून ते हिरवे आणि कमालीचे आंबट असतानाच झाडावरून उतरवतात व साखरेसह मद्यात मुरवतात. त्यातून तयार होणाऱ्या सोनेरी पेयाला बदामासारख्या सुगंधाची किंचित झाक असते आणि ती फळाच्या आठळीतून येते. उमेच्या लागवडीत वाकायामा प्रांत जपानमध्ये सर्वांत पुढे असून तेथील मिनाबे आणि तानाबे हा परिसर ‘नान्को’ या जाड गराच्या वाणासाठी प्रसिद्ध आहे.

बाटली विकत घेताना किमतीआधी घटकांची यादी वाचावी. स्वस्त प्रकारांत फळाची उणीव भरून काढण्यासाठी आम्लता वाढवणारे पदार्थ, सुगंध आणि रंग घातलेले असतात. केवळ उमे, साखर आणि मद्य यांपासून केलेल्या उमेशूवर ‘होनकाकु उमेशू’ असे लिहिण्याची पद्धत २०१५ पासून रूढ झाली आहे. नवख्या ग्राहकासाठी ही सर्वांत भरवशाची खूण आहे. उमेचा गर मिसळलेला दाट, गढूळ प्रकारही मिळतो, मात्र त्याची बाटली ओतण्यापूर्वी हलक्या हाताने हलवावी लागते.

बाजारातील बहुतेक उमेशूमध्ये अल्कोहोलचे प्रमाण साधारण १० ते १५ टक्के असते. गोडव्यामुळे ते जाणवत नाही आणि म्हणूनच पेला लहान घ्यावा. पहिल्यांदा चव घेताना मोठ्या बर्फाच्या खड्यावर थोडे उमेशू ओतून सावकाश प्यावे, कारण बर्फ वितळत जाताना गोडवा मागे सरतो आणि आंबटपणा उलगडू लागतो. उकाड्यात सोडा सर्वांत चांगला: बर्फाने भरलेल्या उंच पेल्यात एक भाग उमेशू आणि एक ते दोन भाग थंड सोडा ओतून एकदाच ढवळावे, अधिक ढवळल्यास बुडबुडे निघून जातात. थंडीत तितकेच गरम पाणी मिसळून पितात. पाणी उकळते नसावे, नाहीतर मद्याचा उग्र दर्प नाकात शिरतो आणि फळाचा सुगंध हरवतो. माझ्या मते उमेशूची खरी परीक्षा या गरम पेल्यातच होते, कारण कृत्रिम सुगंध तेथे लगेच उघडा पडतो.

जपानमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना जूनच्या सुमारास दुकानांत हिरवी उमे, खडीसाखर आणि काचेच्या मोठ्या बरण्या शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतील. नेहमीचे प्रमाण १ किलो उमे, ५०० ग्रॅम ते १ किलो खडीसाखर आणि ३५ टक्के अल्कोहोलचे १.८ लिटर ‘व्हाइट लिकर’ (रंग व वास नसलेले ऊर्ध्वपातित मद्य) असे आहे. डाग नसलेली फळे धुऊन घ्यावीत, देठाचा काळा ठिपका बांबूच्या काडीने अलगद काढावा आणि लोणच्याच्या कैरीप्रमाणेच प्रत्येक फळ पूर्ण कोरडे करावे. निर्जंतुक केलेल्या बरणीत फळे व साखर यांचे थर देऊन वरून मद्य ओतावे आणि बरणी थंड, अंधाऱ्या जागी ठेवून अधूनमधून हलवावी. खडीसाखर हळूहळू विरघळत असल्यामुळे मद्याला आधी फळात शिरायला वेळ मिळतो आणि मग वाढत्या गोडव्याबरोबर रस बाहेर ओढला जातो. तीन महिन्यांत पेय पिण्याजोगे होते, पण वर्षभर थांबल्यास उग्रपणा जाऊन चव मुरलेली आणि सौम्य होते.

जपानी कायदा घरगुती वापरासाठी अशी फळमद्ये करू देतो; मात्र मूळ मद्य किमान २० टक्के अल्कोहोलचे असावे लागते, द्राक्षे वापरता येत नाहीत आणि विक्रीस मनाई आहे. हिरवी उमे कच्ची खाऊ नयेत, कारण त्यांच्या आठळीत व कोवळ्या गरात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात.

उमेशू आवडल्यास पुढे युझू या सुगंधी लिंबूवर्गीय फळाचे मद्य घ्यावे. त्याचा सुगंध नाजूक असल्याने बाटली उघडल्यावर ती शीतकपाटात ठेवावी आणि लवकर संपवावी. उमेशू त्या मानाने बरेच टिकाऊ असते. बरणीतील फळे वर्षभराने बाहेर काढून आठळ्या वेगळ्या कराव्यात आणि गर मंद आचेवर आटवून त्याचा मुरंबा करावा. मात्र त्यात मद्याचा अंश उरतो, म्हणून तो मुलांना देऊ नये.