मुलांच्या दातांत गर्दी: दात काढण्याआधी आणि काढल्यावर काय करायचं

मूल ६-७ वर्षांचं असेल तर आज रात्री एवढं कराच. हात स्वच्छ धुवा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि त्याला मोठा आ करायला सांगा. पुढच्या दोन दातांच्या मधल्या रेषेपासून एका बाजूने मागे मोजत जा. एखादा दात पडलेला असेल तर त्याची जागाही मोजा. पाच दुधाचे. त्यामागे सहावी दाढ दिसली, अगदी अर्धी हिरडीत असली तरी, ती कायमची आहे. ती कुठल्याही दाताच्या जागी येत नाही, मागच्या रिकाम्या हिरडीतून निघते, म्हणून घरात कोणाच्या लक्षातच येत नाही.

मी अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली-दुसरीच्या पालकांना हे मोजणं मी आता दरवर्षी करून दाखवते, कारण माझ्याच मुलीच्या वेळी मला ते ठाऊक नव्हतं.

ती ७ वर्षांची असताना वरची दुधाची दाढ किडली, गाल सुजला. रात्रभर रडली. दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात दाढ काढली. "दुधाचीच आहे, पडणारच होती," असं सांगितलं गेलं आणि मलाही ते पटलं. पण तिच्या जागी येणारी उपदाढ, म्हणजे सुळ्याच्या मागचा लहान कायमचा दात, १०-११ व्या वर्षी निघणार होती. मधली तीन-चार वर्षं जागा रिकामी राहिली आणि मागची सहावी दाढ हळूहळू पुढे सरकत आली. उरलेल्या जागेत उपदाढा कशाबशा बसल्या. सुळा सगळ्यांच्या शेवटी आला, त्याला जागाच नव्हती. तो हिरडीत उंच, बाहेरच्या बाजूला निघाला. फोटो काढताना पोरगी ओठ मिटून उभी राहायची.

म्हणून दुधाची दाढ किडली तर आधी ती भरून, रूट कॅनालसारखे उपचार करून वाचते का ते विचारा. काढावीच लागली तर त्याच वेळी "स्पेस मेंटेनर लागेल का?" असं स्पष्ट विचारा. मागच्या दाढेला पट्टी आणि तिला पुढे तारेची कडी, एवढीच ती वस्तू असते. ती जागा अडवून धरते. दर सहा महिन्यांनी दाखवायची, त्या जागी हिरडीतून नवा दात डोकावला की काढून टाकायची.

दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद असतात. खालच्या जबड्यात एका बाजूला साधारण दीड-पावणेदोन मिलिमीटर जागा त्यातून उरते. थोडीशी गर्दी असेल तर ही जागा राखूनच काम भागतं. म्हणून सातव्या वर्षी एकदा दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टला, दाखवून घ्या. चौथ्या-पाचव्या वर्षानंतरही अंगठा चोखत असेल किंवा झोपेत तोंड उघडं राहत असेल तर तेही सांगा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

तरीही गर्दी झालीच आणि डॉक्टर म्हणाले "चार दात काढावे लागतील", तर घाबरूही नका आणि लगेच होही म्हणू नका. माप विचारा. आमच्या डॉक्टरांनी मुलीचा ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, आणि बाजूने काढलेला एक्स-रे बघितला, दातांचे साचे घेतले आणि प्लास्टरच्या साच्यावर मोजून दाखवलं: वर ९ मिलिमीटर जागा कमी. तीन-चार मिलिमीटर कमी असती तर दात कडेने किंचित घासून किंवा जबडा रुंद करून बहुधा भागलं असतं. नऊला ते पुरत नाही. उपदाढ सुमारे ७ मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंची एकेक काढली की १४ मिळतात. नऊ गर्दीला, उरलेले पुढे आलेले दात मागे घ्यायला.

डॉक्टरांनी एक जुनी गोष्टही सांगितली. अमेरिकेतले एडवर्ड अँगल हे या शास्त्राचे आद्य आचार्य, एकही दात काढायचा नाही असा त्यांचा आग्रह. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना दिसलं की आपण सरळ केलेले कितीतरी दात पुन्हा वाकडे झालेत. त्यांनी त्याच रुग्णांच्या उपदाढा काढून उपचार नव्याने केले. हे ऐकल्यावर माझ्या मनाची तयारी झाली.

सासूबाईंची मात्र होत नव्हती. "वरना दात काढा का डोया गया," असं त्या चार दिवस म्हणत होत्या. वरच्या दाताची नस आणि डोळ्याने दिसण्याची नस वेगवेगळी आहे. दात काढल्याने नजर जात नाही. डॉक्टरांनी हे त्यांना समोर बसवून सांगितलं, तेव्हा त्या शांत झाल्या.

दात काढणारे डॉक्टर वेगळे असतील तर चिठ्ठीवर दाताचा नंबर लिहून घ्या: १४, २४, ३४, ४४. पहिला आकडा जबड्याचा भाग, दुसरा मधल्या रेषेपासूनचा क्रम. खुर्चीत बसल्यावर मी स्वतः "मधून चौथा ना?" असं विचारून मोजून घेतलं. काढलेला दात परत लावता येत नाही, तेव्हा यात संकोच कशाला? आणि तारा कधी बसणार हे ठरल्याशिवाय दात काढू नका.

जेवून जा. आमचे एका शनिवारी एका बाजूचे वर-खालचे दोन काढले, पुढच्या शनिवारी दुसऱ्या बाजूचे. कापसाचा बोळा ४५ मिनिटं घट्ट चावून धरायला सांगितला होता. जळगाव स्टेशनवर ती बोळा दाबून बसली होती, थुंकायला उठू पाहायची आणि मी तिचा हात धरून ठेवायचे. थुंकायचं नाही, लाळ गिळायची. त्या खड्ड्यात रक्ताची गडद लाल गाठ बसते, तीच जखमेचं झाकण. चूळ भरली, स्ट्रॉने ओढलं की ती निघते आणि दोन-तीन दिवसांनी भयंकर ठणका लागतो. पहिले २४ तास चूळ नाही. ओठ बधिर असताना मूल तो चावून घेतं, ते जाणवतही नाही, म्हणून गाडीत धरणगाव जाईपर्यंत मी तिच्या तोंडावरची नजर हलवली नाही.

घरी आल्यावर गार दूध, कुस्करलेलं केळं, रात्री मऊ मुगाची खिचडी. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाण्याच्या हलक्या चुळा आणि दुधात भिजवलेली दादर ज्वारीची भाकरी. भरीत आठवडाभर नाही, मिरची झोंबते. खड्ड्यात हळद, लवंगेचं तेल, मशेरी, काहीही भरू नका. गोळी डॉक्टर देतील तीच. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ गॉजची घडी अर्धा तास पुन्हा चावून धरा, तरीही नाही थांबलं तर लगेच फोन करा.

काढलेल्या दातांची जागा तारांनी महिन्याला सुमारे एक मिलिमीटर भरते. आमची दोन वर्षं गेली. या काळात ऊस, बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, शेंगदाण्याची चिक्की बंद, पेरूसुद्धा फोडी करून. खर्चाचं कोडं असेल तर धुळ्याला डेंटल कॉलेज आहे. अशा ठिकाणी फेऱ्या जास्त होतात, पैसे कमी लागतात.

तारा निघाल्या की काम संपलं असं मुलांना वाटतं, पण खरा धोका तिथे आहे. दात जुन्या जागेकडे ओढ घेतात. रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारा, काढता-घालता येणारा साचा, रोज डॉक्टर सांगतील तितके तास लावायचा. जेवताना काढला की डबीतच ठेवायचा, रुमालात गुंडाळला की तो खरकट्याबरोबर जातो. साध्या गार पाण्याने ब्रशने घासायचा. गरम पाणी लागलं तर प्लास्टिक वाकतं आणि मग तो दातांवर बसत नाही.