टॉर्क रेंच घ्यायचाय? आधी तुमच्या बोल्टचे आकडे काढा

स्वस्तातला टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरवलेल्या जोराइतकाच आवळता येणारा पाना, अचूक असू शकतो का, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. असू शकतो. मी बरीच वर्षं कारखान्याच्या मोजमाप विभागात काढली. तिथे महागडे आणि साधे रेंच एकाच तपासणी यंत्रावर लागायचे, आणि नीट सांभाळलेला साधा रेंच बहुतेक वेळा मर्यादेत पास व्हायचा. माणसं फसतात ती रेंज चुकीची निवडल्यामुळे. म्हणून दुकानात जायच्या आधी कागद-पेन घेऊन बसा.

गाडीचं मॅन्युअल उघडा आणि जे बोल्ट तुम्ही खरोखर स्वतः उघडता, तेवढ्यांचेच आकडे लिहून काढा. नेमका आकडा मॅन्युअलमधलाच घ्यायचा, पण अंदाज यावा म्हणून सांगतो: सायकलच्या हँडलचे छोटे बोल्ट ५ न्यूटन-मीटरच्या (पिळण्याचा जोर मोजायचं एकक) आसपास असतात, मोटरसायकलचा स्पार्क प्लग साधारण १० ते १६, इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट बहुधा २० ते ३०, आणि कारच्या चाकाचे नट बरेचदा ९० ते १२०. आकडे वेगवेगळ्या एककांत असले तर सगळे न्यूटन-मीटरमध्ये करून घ्या. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ आणि १ फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर.

यादी समोर आली की लगेच कळतं, एका रेंचमध्ये हे सगळं बसणार नाही.

ठरवलेला जोर गाठला की क्लिक होणाऱ्या रेंचवर अचूकतेची मर्यादा म्हणून बहुधा ±४ टक्के लिहिलेलं असतं. आयएसओ ६७८९ या मानकात १० न्यूटन-मीटरपेक्षा मोठ्या क्लिक रेंचसाठी हीच मर्यादा आहे. पण ही हमी सहसा कमाल क्षमतेच्या २० टक्क्यांपासून वरच लागू होते. २०० न्यूटन-मीटरचा रेंच असेल तर ४० च्या खाली तो काय दाखवतो याला अर्थ नाही, मग दांड्यावर त्याखालच्या रेघा छापलेल्या का असेनात. खालच्या टोकाला आतली स्प्रिंग जेमतेम दाबलेली असते. क्लिक इतका हलका येतो की हाताला लागतच नाही, आणि आपण पुढे पिळत राहतो. अॅल्युमिनियमच्या इंजिनचे आटे जातात ते असे. ‘एकच मोठा घेऊ, सगळ्याला चालेल’ हा विचार मला म्हणूनच अजिबात पटत नाही. मोठ्या नटाला थोडं कमी-जास्त झालं तर बहुतेक वेळा निभावतं. छोटा बोल्ट मात्र तुटतो, आणि मग तुटलेला तुकडा ड्रिल करून काढायचा खर्च नव्या रेंचपेक्षा जास्त होतो.

माझा सल्ला असा: पहिला रेंच ३/८ इंची (हे माप सॉकेट बसतं त्या चौकोनी टोकाचं), १० ते ६० न्यूटन-मीटरच्या आसपासचा घ्या. दुचाकीची बहुतेक कामं आणि कारचे प्लग, ड्रेन बोल्ट त्यात निघतात. चाकाच्या नटांसाठी नंतर अर्धा इंची घ्या. फक्त सायकलच असेल तर पाव इंची छोटा.

आता प्रकार. काट्याचा रेंच, म्हणजे ज्यात दांडा वाकतो आणि काटा पट्टीवर सरकतो, तो सगळ्यात स्वस्त आणि बिघडायला त्यात जवळजवळ काहीच नाही. काटा शून्यावर नसेल तर हलकेच वाकवून आणता येतो. अडचण एवढीच की पट्टी समोरून सरळ पाहावी लागते, गाडीखाली आडवं पडून ते जमत नाही. चाकाच्या नटांना मात्र हाच घ्या, पैसे वाचतील. अडचणीच्या जागी क्लिकवाला सोयीचा. डिजिटल छान असतात, पण घरी वर्षातून चारदा काम करणाऱ्याला त्यांची गरज नाही.

दुकानात हातात घेतल्यावर आकड्यांच्या रेघा स्पष्ट कोरलेल्या आहेत का पाहा. सेटिंग लॉक केल्यावर मूठ फिरता कामा नये. डब्यात तपासणीचा कागद असेल तर त्यावरचा अनुक्रमांक रेंचवरच्या अंकाशी जुळवा. नुसता छापील, अंक नसलेला कागद काही कामाचा नाही. उलट्या आट्यांवर, जसं सायकलच्या डाव्या पेडलवर, काम करायचं असेल तर दोन्ही दिशांना मोजतो का ते विचारा. बरेच क्लिक रेंच एकाच दिशेने मोजतात.

घरी आणल्यावर तपासून घ्या. व्हाईस (टेबलाला बसवलेला शिकंजा), एक बादली आणि वजनकाटा पुरे. आधी रेंच मधल्या सेटिंगवर ठेवून पाच-सहा वेळा क्लिक करा, म्हणजे आतलं ग्रीस पसरतं. मग चौकोनी टोक व्हाईसमध्ये बाजूने आडवं धरा. दांडा जमिनीला समांतर हवा आणि वजन लटकवल्यावर तो घट्ट करायच्या दिशेनेच दाबला गेला पाहिजे. दोरी मुठीच्या बरोबर मध्यावर बांधा. क्लिक रेंचमध्ये जोर कुठे लावला यावर आकडा थोडा बदलतो, म्हणून ही जागा महत्त्वाची.

समजा चौकोनाच्या मध्यापासून दोरीपर्यंत ०.४० मीटर आहे आणि पाण्यासकट बादली, दोरी मिळून बरोबर १० किलो. १० × ९.८१ × ०.४० म्हणजे ३९.२ न्यूटन-मीटर. यात रेंचचं स्वतःचं वजनही धरायचं, बरेचजण नेमकं हेच सोडून देतात. रेंच बोटावर तोलून धरा. समजा तोल चौकोनापासून ०.२० मीटरवर सापडला आणि वजन १.२ किलो भरलं, तर आणखी २.४ न्यूटन-मीटर. एकूण ४१.६. आता ३८ वर सेट करून बादली हळूच सोडा, क्लिक आला पाहिजे. मग एकेक वाढवत चला, दर वेळी बादली उचलून पुन्हा अलगद सोडा, कारण हिसका बसला की खोटा क्लिक येतो. क्लिक येणं ४० ते ४३ च्या दरम्यान थांबलं तर रेंच चांगला आहे. ३८ लाच क्लिक आला नाही तर परत करा.

वापरताना सावकाश ओढा आणि पहिल्या क्लिकला थांबा. खात्रीसाठी दुसरा क्लिक काढला की बोल्ट जास्त आवळला जातो. आटे कोरडे हवेत की तेल लावलेले, हे मॅन्युअलमध्ये बघा. पिळण्याचा बहुतेक जोर घर्षणातच जातो, बोल्टला ताण द्यायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. त्यामुळे कोरड्यासाठीचा आकडा तेलकट आट्यांवर वापरला तर बोल्ट भलताच ताणला जातो. रेंच आणि सॉकेटच्या मधे सरळ एक्स्टेन्शन (लांबी वाढवणारा दांडा) लावल्याने आकडा बदलत नाही. बोल्ट सोडवायला मात्र साधा पाना घ्या.

काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याच्याही खाली मूठ सैल करू नका. रेंच हातातून पडला, किंवा वर्ष उलटलं, की बादलीची तपासणी पुन्हा करा आणि निघालेला आकडा तारखेसह डब्याच्या झाकणात चिकटवून ठेवा. दर वेळी आकडा एकाच बाजूला सरकत चालला असेल तर दुरुस्तीला द्यायची वेळ आली.