पीक सुबक आलं म्हणून हुरळू नका: मास स्पेकवर लिपिड मोजताना या चुका टाळा

"मशीन बिघडलंय वाटतं" हे वाक्य मास स्पेकवर (मास स्पेक्ट्रोमीटर, रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) लिपिड, म्हणजे चरबीच्या जातीचे रेणू, मोजणाऱ्या कुठल्याही लॅबमध्ये कानावर पडतं. बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं. घोळ झालेला असतो तो आधीच, ट्यूब हातात असताना. पीकच (आलेखातला टोकदार उंचवटा) आलं नाही तर एक वेळ बरं, निदान आपण शोधायला तरी लागतो. घात करते ती चूक, जी सुबक पीक आणि पटेल असा आकडा देते.

आमचंच सांगतो. प्लाझ्माची सॅम्पल्स क्रोमॅटोग्राफी न लावता, म्हणजे कॉलमवर आधी वेगवेगळी न करता, थेट मशीनमध्ये सोडली होती. पेशंटच्या गटात पीसी ३६:४ (पीसी म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलिन; दोन्ही फॅटी आम्लांच्या साखळ्यांत मिळून ३६ कार्बन आणि ४ दुहेरी बंध) चांगलंच वाढलेलं दिसलं. प्लाझ्मातल्या या लिपिडमध्ये बहुतांशी अ‍ॅराकिडॉनिक आम्ल असतं; अ‍ॅराकिडॉनिक म्हणजे दाह, आणि दाह म्हणजे पेपर! दोन दिवस सगळे खुशीत. मग कळलं की पेशंटच्या सॅम्पल्समधून लिपिड एकाने काढलं होतं आणि कंट्रोलच्या (तुलनेच्या गटाच्या) सॅम्पल्समधून दुसऱ्याने. पहिल्याच्या हातून लिपिड असलेला क्लोरोफॉर्मचा खालचा थर उचलताना वरचं खारट पाणीही थोडं थोडं येत होतं.

आता गंमत बघा. पीसी ३४:१ ला प्रोटॉनऐवजी सोडियम चिकटलं की त्याचं पीक ७८२.५६७ या वस्तुमानावर येतं. प्रोटॉनवालं पीसी ३६:४ येतं ७८२.५६९ वर. हे दोन वेगळे दिसायला तीन लाखांच्या वर रिझोल्यूशन (जवळजवळची वस्तुमानं वेगळी दाखवायची क्षमता) हवं. आम्ही मोजलं होतं ते मीठ.

हे पकडायचं कसं? तो आयन फोडून बघा. प्रोटॉनवालं पीसी १८४.०७ चा ठसठशीत तुकडा देतं; सोडियमवालं ५९ गमावून ७२३.५ च्या आसपास उतरतं. निगेटिव्ह मोडमध्ये (ऋण आयन मोजताना) ३०३.२३ चा तुकडा दिसला, तरच अ‍ॅराकिडॉनिकचं नाव घ्या. लिपिड वेगवेगळ्या वेळी बाहेर सोडणारा सी-१८ कॉलम असेल तर काम आणखी सोपं: खरं ३६:४ हे ३४:१ च्या आधी बाहेर पडतं, सोडियमवालं तोतया मात्र ३४:१ च्याच वेळेला येतं. आणि पेशंट-कंट्रोलच्या सॅम्पल्सचा क्रम सरमिसळ करूनच लिपिड काढायला घ्या. हा नियम सगळ्यांना पाठ असतो, तरी मोडतो.

खालचा थर उचलताना पिपेटमधून हलके बुडबुडे सोडत वरचा थर आणि मधली प्रथिनांची चकती पार करा, मग टोकात पाणी शिरत नाही. हात बसत नसेल तर क्लोरोफॉर्मऐवजी सरळ एमटीबीई (मिथाइल टर्ट-ब्युटाइल ईथर) वापरा. २००८ साली आलेल्या या पद्धतीत लिपिड वरच्या थरात येतं. फोल्च (१९५७) किंवा ब्लाय-डायर (१९५९) या क्लोरोफॉर्मच्या पद्धती वाईट आहेत असं नाही, पण त्यांना सरावलेला हात लागतो.

रक्त घेतल्यानंतरचा वेळ हा दुसरा चोर. रक्त टेबलावर तासन् तास पडून राहिलं तरी त्यातली एन्झाइम्स कामावरच असतात. पीसी तुटून एलपीसी (एक साखळी गमावलेलं पीसी) वाढतं. पेशींतून एस१पी (स्फिंगोसिन-१-फॉस्फेट, आणखी एक लिपिड) बाहेर येतं. काही सॅम्पल्स सीरम आणि काही प्लाझ्मा अशी खिचडी तर करूच नका. सायट्रेटच्या ट्यूबमध्ये द्रव असतो, त्याने रक्त पातळ होतं, हेही हिशेबात धरायचं राहून जातं.

प्लॅस्टिक. क्लोरोफॉर्म साध्या प्लॅस्टिक ट्यूबमध्ये घातलात की ३३८.३४ वर एरुकामाइड आणि ३९१.२८ वर थॅलेट, ही प्लॅस्टिकमधली रसायनं हजर! एरुकामाइड हे स्वतःच फॅटी आम्लाचं अमाइड, त्यामुळे सॉफ्टवेअर त्याला आनंदाने लिपिड म्हणून घेतं. काच वापरा, झाकणाला पीटीएफई (टेफ्लॉन) लावलेलं बघा. पामिटिक आणि स्टिअरिक आम्ल तर काचेवरही असतं, बोटांवरही असतं. म्हणून सॅम्पल न घालता, बाकी सगळं तसंच करून काढलेला ब्लँक प्रत्येक बॅचला हवाच. मुक्त फॅटी आम्लांचे आकडे ब्लँकशिवाय कोणी दाखवले, तर मी पुढे वाचत नाही.

इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी मोजून घातलेलं लिपिड) सॅम्पलमधून लिपिड काढण्याच्या आधी घाला. शेवटी घातलं तर वाटेत किती सांडलं ते त्याला कसं कळणार? लिपिडच्या प्रत्येक वर्गाला त्याचं त्याचं स्टँडर्ड हवं. पीसीच्या स्टँडर्डवर ट्रायग्लिसराइड मोजणं म्हणजे लिटरने कापड मोजणं. स्टँडर्डची बाटली फ्रीजरमधून काढल्या काढल्या उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, तळाशी बसलेलं विरघळू द्या. क्लोरोफॉर्म टिपमधून टपटप गळतो, तेव्हा टिप आधी दोन-तीनदा भिजवून घ्या. वारंवार उघडलेल्या बाटलीतला क्लोरोफॉर्म उडून स्टँडर्ड दाट होतं, ते वेगळंच.

ट्रायग्लिसराइड अचानक कमी? वाळवलेलं सॅम्पल कशात विरघळवलं ते आधी बघा. नुसत्या मेथेनॉलमध्ये ती नीट विरघळत नाहीत, ट्यूबच्या भिंतीलाच राहतात, आयसोप्रोपेनॉल घ्या. उलट ब्लँकमध्ये ट्रायग्लिसराइड दिसत असतील, तर मागच्या सॅम्पलचं कॉलममध्ये किंवा सुईला उरलंय. आयसोप्रोपेनॉलने जास्त वेळ धुवा.

शेवटी नाव लिहिताना हात आखडता घ्या. नुसतं वस्तुमान आणि वर्ग कळला असेल तर पीसी ३६:४ एवढंच लिहा. दोन्ही साखळ्यांचे तुकडे दिसले, तर पीसी १६:०_२०:४. तिरकी रेघ मात्र कुठली साखळी कुठल्या जागी आहे हे सिद्ध झाल्यावरच, आणि नेहमीच्या फ्रॅगमेंटेशनमध्ये ते सहसा होत नाही. सॉफ्टवेअर ती रेघ न विचारता टाकतं, ती खोडायचं काम तुमचं.