लहानपणी मालिकेत काम केलंय आणि आता अठरा पूर्ण झाली? आधी हिशोब लाव

मालिकेतली पोरं मोठी झाली की सगळे एकच विचारतात, सध्या काय चाललंय, नवीन सिरियल कुठली. लहानपणी कमावलेले पैसे कुठे आहेत हे कोणी विचारत नाही, आणि खूपदा त्या मुलांनाही ते माहीत नसतं, कारण चेक आईबाबांच्या खात्यात, करारावर सही बाबांची, कोऑर्डिनेटरशी (काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाशी) बोलणं आईचं आणि आपण फक्त संवाद पाठ करायचे. म्हणून माझं म्हणणं असं की ऑडिशन, पोर्टफोलिओ वगैरे नंतर बघू, आधी ते पैसे शोधून काढ, तुझ्या कष्टाचे आहेत ते.

सुरुवात पॅनपासून. लहानपणी तुझ्या नावाने पॅन काढलेलं असेल तर इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन कर, फॉर्म २६एएस आणि एआयएस (तुझ्या पॅनवरची कमाई आणि कापलेला कर यांच्या सरकारी नोंदी) उघड आणि एकेक वर्ष मागे जात रहा. कलाकाराच्या मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापतात, त्यामुळे कुठल्या कंपनीने कधी किती दिले ते तिथे ओळीने दिसतं. समजा एका ओळीत प्रॉडक्शन हाऊसचं नाव, पुढे मानधन २,४०,००० आणि त्यापुढे टीडीएस २४,००० दिसले तर त्या नोंदीचे २,१६,००० कुठल्यातरी खात्यात आलेले आहेत, आता ते खातं शोधायचं. पैसे बाबांच्या पॅनवर आले असतील तर हीच माहिती त्यांच्या लॉगिनमधून काढावी लागेल.

टॅक्सचा नियमही समजून घे. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न एरवी आईवडिलांपैकी ज्याचं जास्त असेल त्याच्या उत्पन्नात धरतात, पण स्वतःच्या कलेतून कमावलेलं उत्पन्न याला अपवाद आहे, ते मुलाचंच आणि त्याचा रिटर्नही मुलाच्याच नावाने. (त्या पैशांवरचं व्याज मात्र आईवडिलांच्यात जातं, यात भले भले गडबडतात.) रिटर्न कधी भरलाच नसेल तर कापलेला टीडीएस रिफंड न घेता तसाच पडून असू शकतो. जुन्या वर्षांसाठी उशीर माफ करा असा अर्ज करता येतो, पण ते असेसमेंट इयर (कमाईच्या वर्षाच्या पुढचं आर्थिक वर्ष) संपल्यापासून ५ वर्षांच्या आतच, तेव्हा सीएकडे जायचं असेल तर या महिन्यात जा, पुढच्या नको.

दुसरा माग एफडीचा. २०१७ साली बालमजुरी कायद्याच्या नियमांत बालकलाकारांसाठी वेगळी कलमं आली. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, आणि मुलाच्या कमाईतले निदान २० टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने एफडीत टाकायचे, ते सज्ञान झाल्यावर त्याला मिळतात. हे १४ वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. म्हणजे तेव्हा सेटवर असलेली पोरं आता अठराची झालीत किंवा होतायत आणि त्यातल्या कितीतरी जणांना आपल्या नावाची एफडी असायला हवी हेच माहीत नाही. घरात पावती शोध, नसेल तर प्रॉडक्शन हाऊसच्या अकाउंट्सला ईमेल टाकून विचार, फोनवर नको, लेखी हवं. दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधता येतात, तिथेही एकदा नाव टाकून बघ.

आता सगळ्यात अवघड भाग, आईबाबांशी बोलणं. "माझे पैसे काय केलेत" असं सुरू केलंस तर संध्याकाळ रडारडीत जाईल आणि हातात काहीच येणार नाही. त्यापेक्षा २६एएसची प्रिंट काढून समोर ठेव आणि म्हण, हे सगळं एकदा लिहून काढूया. खर्चही प्रामाणिकपणे लिही. आईने नोकरी सोडून फिल्मसिटीत नाहीतर नायगावला दिवसभर सेटवर बसून काढला असेल, मुंबईत भाड्याने घर घेतलं असेल, ट्यूशनवाल्या मॅडम घरी येत असतील, तर तो खर्च खराच आहे. पण फ्लॅटच्या डाउन पेमेंटला तुझे पैसे गेले असतील तर त्या घरात तुझा हिस्सा काय हे वकिलासमोर बसून कागदावर आलं पाहिजे, "सगळं तुझंच तर आहे" एवढ्यावर थांबू नकोस. कोर्ट हा शेवटचा रस्ता. अमेरिकेतला टीव्हीस्टार गॅरी कोलमन याने १९८९ मध्ये आईवडिलांवर आणि मॅनेजरवर दावा लावला, १९९३ ला जवळपास १२.८ लाख डॉलर जिंकला, तरी १९९९ मध्ये त्याला दिवाळखोरी जाहीर करावी लागली. मिळालेले पैसे सांभाळायलाही शिकावं लागतं.

बँकेची कामं पटकन उरकतात. मायनर (अल्पवयीन) खातं मेजर (सज्ञान) करून घे, नवीन केवायसी, नवीन सही, पॅनवर फोटो आणि सही अपडेट. म्युच्युअल फंड तुझ्या नावाने असतील तर तिथेही मेजरचा फॉर्म द्यायचा, तोवर ते काढता येत नाहीत.

कामाचं म्हणशील तर मालिकेत लीप आला, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे गेली, की एका रात्रीत रोल जातो हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. लोकांच्या डोक्यात तुझा दहा वर्षांचा चेहरा आहे, तो पुसायला वेळ लागतो, तेवढ्यात कॉलेज पूर्ण कर, एकांकिका कर, पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, उतर. 'शाकालाका बूम बूम'मधला संजू म्हणजे किंशुक वैद्य मधली बरीच वर्षं दिसला नाही आणि २०१६ मध्ये हिरो म्हणून परत आला. असं सगळ्यांचं होत नाही, त्यामुळे दुसरी कमाई हाताशी असू दे.

आणि पहिला करार स्वतःच्या सहीने करशील तेव्हा पेमेंट किती दिवसांनी ते बघ, मालिकांत ९० दिवस सर्रास चालतात, म्हणजे जूनमध्ये शूट केलेल्याचे पैसे सप्टेंबरच्या शेवटी, तोपर्यंतचं भाडं आणि प्रवास खिशातून. एक्सक्लुझिव्हिटीचा क्लॉज (दुसरीकडे काम करायचं नाही ही अट) किती महिन्यांचा ते विचार, आणि सही झाली की कॉपी तिथल्या तिथे मागून घे, नाही म्हणाले तर निदान प्रत्येक पानाचा फोटो काढ.