माशांच्या टँकमध्ये मागच्या बाजूला गवतासारखं उंच काही पाहिजे तर

मागची बाजू हिरवीगार हवी पण रोजची उस्तवार नको असेल तर डोळे झाकून व्हॅलिसनेरिया (पाण्याखाली वाढणारं, पट्टीसारख्या पानांचं झाड) घ्या, त्याला वेगळा सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) सोडावा लागत नाही, साधी एलईडी चालते. दोन फुटी टँकला त्यातली स्पायरॅलिस ही जात पुरे, जायंट जातीची पानं मीटरच्या वर जातात आणि मग पाण्यावर पसरून खाली अंधार करतात.

लावताना मुळं वाळूत आणि पानं जिथून फुटतात तो पांढरट भाग वर उघडा ठेवा, तो पुरला की झाड कुजलंच म्हणून समजा. नवीन झाडाची पानं सुरवातीला विरघळतात, घाबरून उपटू नका, मुळं धरली की रनर (आडवे धुमारे) सोडून आपोआप पसरतं. लिक्विड कार्बन (टँकच्या झाडांसाठी बाटलीत मिळणारं द्रावण) मात्र अजिबात नको, बऱ्याच बाटल्यांत ग्लुटारअल्डिहाइड हे जंतुनाशक रसायन असतं आणि व्हॅलिसनेरियाला ते सोसत नाही.

आपल्या गोव्यात चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरींचं पाणी बहुतेक मऊ (क्षार कमी), व्हॅलिसनेरियाला थोडं जड (क्षार जास्त) पाणी आवडतं. जेवणातल्या तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या उकळून, घासून चार-पाच फिल्टरमध्ये टाका, हळूहळू कॅल्शियम सुटतं (नाहीतरी फेकणारच होता ना). पानं वाढली तर अर्ध्यात कापू नका, टोकं तपकिरी पडतात, जुनं पान बुडातूनच काढा.